फक्कीनं आखलेला बाजार

गावाचं नाव लिहीत नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना ते ओळखू येईल, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. शिवाय त्या वेळी ज्यांच्याशी मी कडाकडा भांडले, त्यातले बरेच जण अजून रस्त्यात भेटतात आणि "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून विचारतात. ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तिथल्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात फक्कीची बादली, अशीच गाव मला ओळखायचं. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. कबड्डीचं मैदान असो की पंधरा ऑगस्टच्या संचलनाच्या रेघा, मीच आखायची. दुसऱ्यानं आखलेली रेघ मला वाकडी दिसायची आणि वाकडी रेघ दिसली की माझं डोकं फिरायचं. तसं ते बऱ्याच गोष्टींनी फिरायचं.

माझी आई त्याच गावच्या आठवडे बाजारात भाजी विकायची. तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडं आमची वस्ती. तिथून जीपनं यायची, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घेऊन. बाजारतळाच्या मधोमध जमिनीतून जरासा वर आलेला एक चपटा दगड होता, त्याच्या शेजारी तिची जागा. बाजारातली जागा कुणी कुणाला लिहून देत नाही. वर्षानुवर्षं बसलं की ती आपली होते. एखादी आजारी पडली तर शेजारणी तिची जागा मोकळी ठेवतात, मध्ये एखादा धोंडा मांडून. वडील गेल्यावर आईनं त्या दगडाशेजारी बसूनच आम्हा भावंडांना मोठं केलं. मी दहावीला पास झाले ते कळवायला तिथंच धावत गेले होते. तिनं आधी गिऱ्हाइकाला मिरच्या घातल्या आणि मग रडली.

तर त्या वर्षी नगरपालिकेनं गावचा नवा विकास आराखडा काढला. पुढची कित्येक वर्षं गाव कुठं कसं वाढणार, रस्ते कुठून जाणार, शाळेला, दवाखान्याला, बागेला कुठली जागा ठेवायची, हे सगळं त्यात. पेपरात बारीक अक्षरांत नोटीस आली: आराखड्याचा नकाशा पालिकेत पाहायला ठेवला आहे, नागरिकांनी हरकती व सूचना लेखी द्याव्यात. मी शाळा सुटल्यावर गेले. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात भिंतीवर भलामोठा रंगीत नकाशा लावला होता. समोर एक टेबल, टेबलाशी एक क्लार्क, आणि नागरिक म्हणून मी एकटी. पालिकेत माणसं जन्माचा दाखला काढायला आणि पाणीपट्टी भरायला जायची. वरच्या मजल्यावर जायचं कुणाला कामच पडत नसे, आणि उगाच गेलं तर कुणी हटकेल अशी धास्ती.

नकाशावर बाजारतळ शोधला. तिथं निळा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, 'व्यापारी संकुल व वाहनतळ'. आठवडे बाजार होता तो हायवेच्या पलीकडं, स्मशानभूमीच्याही पुढं. तिथवर म्हातारी बाई पाटी घेऊन जाणार कशी आणि घेणारा तरी येणार कसा, हा विचार नकाशाला पडलेला नव्हता.

मी पालिकेच्या इंजिनियरना गाठलं. तरुण होते, बोलायला नम्र. त्यांनी जुना सर्व्हेचा नकाशा काढून दाखवला. बाजारतळावर स्वच्छ अक्षरांत 'रिकामी जागा' असं लिहिलेलं.

"रिकामी? अहो, तिथं बाजार भरतो!"

"मॅडम, सर्व्हेची माणसं आली त्या दिवशी रिकामीच होती," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. माणसं आडवारी, म्हणजे बाजार नसलेल्या दिवशी, आली होती. आडवारी त्या तळावर दोन-चार शेळ्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं, याखेरीज काही नसायचं.

पुढच्या बाजारी मी आईला ओढतच पालिकेत नेलं. तिनं खाली जिन्याशीच चपला काढल्या. वर आल्यावर नकाशापुढं लांबच उभी राहिली, पदर सावरून, डॉक्टरांपुढं उभं राहावं तशी.

"ह्यात मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. तिनं डोळे बारीक केले. "हितं तर निळं हाय. मला न्हाई कळत बाई ह्यातलं," म्हणाली आणि चपला घालायला खाली गेली सुद्धा.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळून चुकली. ही माणसं नकाशापाशी येणार नाहीत, आली तरी त्यांना त्यात आपलं काही दिसणार नाही. मग नकाशाच माणसांपाशी न्यायचा. इंजिनियरकडून मी संकुलाची लांबी-रुंदी, रस्ता किती रुंद होणार ते सगळं उतरवून घेतलं. त्यांनाही कल्पना आवडली, निदान ते हसले. बाजाराच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर खुंट्या, सुतळी, शाळेचा टेप आणि फक्कीच्या दोन गोण्या घेऊन मी तळावर उतरले. दिवेलागणीपर्यंत अख्खं संकुल जमिनीवर आखून टाकलं. भिंत कुठं येणार, गाड्या कुठं लागणार, रस्ता कुठवर सरकणार, सगळं खऱ्या मापानं. रेघा इतक्या सरळ आल्या होत्या की मला माझंच कौतुक वाटलं. उद्या बाया येतील, आपल्या जागेवरून भिंत गेलेली बघतील, खवळतील, मी हरकती लिहून घेईन, असा माझा बेत होता.

सकाळी तळावर गेले आणि जागच्या जागी थांबले. रेघांच्या आत चिटपाखरू नव्हतं. अख्खा बाजार रेघांच्या बाहेर दाटीवाटीनं बसला होता, कुणी रस्त्यावर, कुणी टपऱ्यांच्या फटींत, कुणी गटाराच्या काठावर. माझी आई सार्वजनिक नळाच्या चिखलाशेजारी गोणपाट टाकून बसली होती.

"आई, इथं का बसलीस?"

"रेघ मारलीया की. सरकारनं."

"सरकारनं नाही, मी मारली!"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू? म्हंजी आता ती जागा शाळंला गेली व्हय?"

मी कपाळावर हात मारला. आजूबाजूच्या बायांना म्हटलं, "अगं, तुम्ही तरी का उठलात? कुणी उठा म्हणालं का?"

खुटबावहून कांदे घेऊन येणारी एक बाई म्हणाली, "म्हातारी उठली की, बाई. ती पयली आली, रेघ बघितली आन् हिकडं येऊन बसली. मग आम्ही कोण आत बसणार?"

म्हणजे माझी रेघ, आणि पहिली उठली ती माझीच आई. मला इतका राग आला की तो कुणावर काढावा तेच समजेना.

तिचं वागणं कुठून आलं हे मला ठाऊक होतं. आमची माणसं मूळची मेंढपाळ. शेती आली ती माझ्या जन्माच्या पुढं-मागं. त्याआधी आई-वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतानं रान कसदार होतं म्हणून शेतकरीच बोलावून न्यायचे. संध्याकाळी शेतमालक काठीनं मातीत रेघ ओढायचा, इथवर बसवा. त्या रेघेच्या पलीकडं एक कोकरू गेलेलं चालायचं नाही. आणि मालक उठा म्हणाला की उठायचं, का म्हणून विचारायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी त्या शिवारात पाऊल टाकता येणार नाही. आई ज्या जमिनीवर निजली, जेवली, बाळंत झाली, ती सगळी दुसऱ्यांची होती. रेघ दिसली की तिचे पाय आपोआप मागं सरत.

तेवढ्यात आप्पा आले. पालिकेतले जुने सभासद, मोठे बागायतदार, सोसायटीपासून कारखान्यापर्यंत सगळीकडं वजन. आराखड्याच्या हरकती ऐकणाऱ्या समितीवर ते होते. रेघांच्या मधला मोकळा तळ त्यांनी डोळे भरून पाहिला.

"बाई, झ्याक काम केलं तुम्ही. लोकांनी राजीखुशीनं जागा सोडली. आता हरकत कसली ऱ्हायली?" आणि सोबतच्या इंजिनियरना म्हणाले, "सायेब, फोटो काढून ठिवा."

इंजिनियरनी फोटो काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोपऱ्यातला खराटा घेतला आणि सगळ्या बाजारादेखत रेघा झाडायला लागले. फक्की विस्कटली, रेघेचा पट्टा झाला, आणि बाया आणखी हातभर मागं सरकल्या.

त्यानंतरचे दिवस मी शाळा सोडली तर दुसरं काही केलं नाही. घरोघर गेले, वस्त्यांवर गेले, हरकती लिहिल्या, वाचून दाखवल्या, अंगठे घेतले. अंगठा द्यायला कुणी कुरकुरलं नाही. पण "बाजारी आत बसाल ना?" म्हटलं की सगळ्यांचं उत्तर एकच, तुमची आई बसली तर बसू. आणि आई बसत नव्हती. मी तिला हक्क सांगितला, कायदा सांगितला, शेवटी आवाज चढवला. ती लसूण निवडत शांतपणे म्हणाली, "जागा मालकाची आसतीया. त्यानं सांगितलं की उठायचं. भांडून कुणाचं रान व्हत न्हाई."

"मग तू कुठं बसणार?"

"बसंल कुठंबी. न्हाईतर घरी बसंल."

हे 'घरी बसंल' माझ्या मनाला लागलं. हायवेपलीकडं ती जाऊ शकणार नव्हती. बाजार गेला की तिच्या वाटचं माणसांतलं जग गेलं, हे मला दिसत होतं आणि तिला माझ्यापेक्षा आधी दिसलेलं होतं. ती त्याच्याशी भांडायला तयार नव्हती एवढंच. मी मात्र ठरवलं, हात टेकायचे नाहीत. आई उठली तर उठली, मी उठणार नाही.

पुढच्या बाजारी रेघा बऱ्याच पुसट झाल्या होत्या, तरी बाजार बाहेरच बसला. आत मात्र एक माणूस होता. रांजणगावच्या बाजूला नव्या कारखान्यांची बांधकामं निघाली होती, तिकडं उत्तरेकडचे कामकरी लोक येत होते. त्यातलाच एक भैया प्लास्टिकच्या बादल्या, मग, टोपली घेऊन आलेला. त्याला ना रेघ माहीत ना रेघेचा अर्थ. मोकळी जागा दिसली, त्यानं मधोमध चादर पसरली. नेमकी त्या चपट्या दगडाशेजारी.

आई नळाशेजारच्या चिखलातून दिवसभर त्याच्याकडं बघत होती. गिऱ्हाईक आलं तरी तिचं लक्ष तिकडंच. मी मुद्दाम एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी तिला जीपपर्यंत सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "त्येला कुणी उठीवलं न्हाई."

"नाही."

"रेघंच्या आत बसला व्हता."

"हो."

जीपमध्ये चढली, पाटी मांडीवर घेतली आणि तोंड फिरवून बसली. तिच्या नाकाला तिच्याच मिरच्या झोंबल्या होत्या, पण हे मी तेव्हा मनातच ठेवलं.

त्या आठवड्यात सुनावणी झाली. आमच्यातल्या मोजक्याच बाया आल्या आणि त्याही दारात उभ्या राहिल्या. मी बाजाराची बाजू मांडली. आप्पांनी फोटो पुढं केला.

"बाई, तुमचीच माणसं उठली की वो. आम्ही कुणाला हात तरी लावला का?"

"आप्पा, सर्व्हेवाले आडवारी आले म्हणून जागा रिकामी झाली. फोटो निघाला त्या दिवशी लोक भ्यालेले होते म्हणून जागा रिकामी झाली. एकदा न भिता भरलेला बाजार बघायला या. टेप घेऊन या. नंतर तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

आप्पा रागीट होते पण खोटे नव्हते. त्यांनी इंजिनियरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "येतो. पर बाजार आत दिसला पायजे. बाहीर दिसला तर इषय संपला."

घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता. मी भर सभेत शब्द देऊन बसले होते, आणि तो पाळणं माझ्या हातात नव्हतं. मधल्या दिवसांत वस्तीवर जाऊन मी आईला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला भाकरी वाढली.

बाजाराच्या सकाळी मी तळावर पोहोचले तेव्हा नळाशेजारी आई नव्हती. वाटलं, आलीच नाही. मग आत नजर गेली. भैया चादरीवर बादल्या मांडत होता आणि आई त्याच्यासमोर उभी होती, डोक्यावर पाटी तशीच.

"ऊठ," आई म्हणाली.

भैया गोंधळला. "माँजी, इधर तो खाली था."

"खाली न्हवतं," आई म्हणाली. "मी तकडं बसले व्हते."

त्याला किती कळलं कुणास ठाऊक. पण म्हातारी हटणार नाही एवढं तिच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं. त्यानं चादर ओढून बाजूला घेतली. आईनं पाटी उतरवली, गोणपाट झटकलं आणि दगडाशेजारी बसली. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "हितंच बस बाजूला. ती म्हादूची जागा हाय, तो आता येत न्हाई." जन्मभर ऊठ म्हणणारेच भेटलेल्या बाईनं पहिल्यांदा दुसऱ्याला ऊठ म्हटलं, आणि पाठोपाठ त्याला जागा पण दिली.

खुटबावची बाई हे बघत होती. तिनं कांद्याचं पोतं ओढायला सुरुवात केली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. भुईमूग आला, वांगी आली, बोंबील आले, चपलावाला आला. बाजार आत शिरला तो आपापल्या जागा न चुकता. कुणी कुणाला विचारलं नाही आणि कुणाचं भांडण झालं नाही. माझ्या रेघा पायांखाली कुठं गेल्या ते मलासुद्धा दिसेना.

उन्हं चढल्यावर आप्पा, इंजिनियर आणि समितीतले दोघं आले. आप्पांना रस्त्यापासून तळाच्या मध्यापर्यंत यायला चांगलाच वेळ लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात, पाट्या ओलांडत यावं लागलं. इंजिनियरनी टेप काढला. संकुलाच्या भिंतीची रेघ कुठून जाते ते मोजायचं होतं, आणि ती जात होती नेमकी आईच्या पाटीवरून.

"मावशी, जरा बाजूला सरकता का?" इंजिनियर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "दोनच मिनिटं. टेप लावायचा आहे."

कांदेवालीचा तराजू हातात तसाच राहिला. मी आईच्या पायांकडं बघत होते. ते पाय मी जन्मभर पाहिले होते, साहेब म्हटलं की मागं सरणारे. तिनं पाय आवळून घेतले, आता ही उठणार असं मला वाटलं आणि माझे डोळे भरून आले. तिनं पायांवरचं लुगडं नीट केलं आणि पुन्हा मांडी घातली.

"टेप वरनं न्या," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या वरनं न्या की. मी न्हाई आडवीत."

इंजिनियरनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी स्वतः टेपाचं टोक हातात घेतलं, धोतर सावरलं आणि हात उंच धरून ते पलीकडं भैयाच्या बादल्यांपाशी जाऊन उभे राहिले. टेप आईच्या डोक्यावरून ताणला गेला. खाली ती कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. एका बाईनं मिरचीचा भाव विचारला तो तिनं टेपाखालूनच सांगितला. आप्पांनी जाताना तिच्याकडनं लसूण घेतला. घासाघीस केली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

काही महिन्यांनी आराखडा सुधारून निघाला. संकुल जुन्या गोदामाच्या जागेवर गेलं. रस्त्यासाठी बाजारतळाचा एक कोपरा गेला, तो गेलाच, त्याबद्दल मी अजून चिडते. पण निळा चौकोन गेला आणि तिथं 'आठवडे बाजार' असं लिहिलं गेलं. मी नकाशा बघून आले आणि तशीच तळावर आईकडं गेले. बाजार उठायला आला होता, ती उरलेला लसूण पाटीत भरत होती.

"आई, चल पालिकेत. आता नकाशात तू कुठं आहेस ते दाखवते."

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "त्यांनी हितं येऊन मला बघितलं न्हवं? झालं की मग."

आणि तिनं पाटी उचलून माझ्या डोक्यावर दिली, कारण जीप सुटायला आली होती.